जाळी छातीपर्यंतच होती

खाणीच्या कॉलनीतून निघालो तेव्हा माझ्या नवऱ्याला, वसंतला, खुर्चीसकट उचलून टेम्पोत चढवावं लागलं. डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. तुम्ही सगळ्या शेजारणी दारात उभ्या होतात, पुढे एकही आली नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "खाणीनं पोसलं ना आपल्याले? मग वाकडं नोको बोलू." मी ऐकून घेतलं. त्याचा मला अजून राग येतो.

वसंत बोल्टिंगच्या मशीनवर होता. खूप खोलात दाबाखालचा खडक कधीकधी तोफ डागल्यासारखा फुटतो. तो अंगावर येऊ नये म्हणून भिंतीत लांब बोल्ट बसवून त्यांवर लोखंडी जाळी आवळतात. बोल्ट धक्क्याने ताणले जावेत पण तुटू नयेत, आणि जाळी पार जमिनीपर्यंत हवी. वसंतने हे तीनदा सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "छातीपर्यंत पुरे. ऊपर से माल नहीं आया." भिंत खालूनच फुटली.

भाईंदर पूर्वेला माझ्या भावाच्या वन रूम किचनमध्ये आम्ही राहायला आलो. महिन्याभरात कंपनीचा माणूस कागद घेऊन तिथेही पोचला. कागदावर लिहिलं होतं, कामगार स्वतःहून मनाई असलेल्या जागी गेला.

"सही करा," तो म्हणाला. "तुमचा धाकटा भाऊ सुधीर अजून टेम्पररी आहे ना? पर्मनंट होईल."

वसंतने पेन घेतलं. मी ते हिसकावलं.

"सुधीर त्याच बोगद्यात काम करतोय, वसंत!"

"आई परत तोंड बघणार नाही आपलं."

"नाही बघितलं तर नाही."

त्या माणसाला मी जिन्यापर्यंत घालवून आले. मग वसंत सांगत गेला, मी लिहीत गेले. जाळी कुठे संपत होती, त्याचं चित्र त्याने स्वतः काढलं. आमचा हा कागद सरकारी खाण-सुरक्षा कार्यालयात पाठवला. तपासणी झाली, तो बोगदा काही आठवडे बंद राहिला, आणि जाळी खालपर्यंत आली. सुधीर मात्र टेम्पररीच राहिला.

"माह्या पोराचं वाटोळं केलं तूनं," एवढंच बोलून सासूबाईंनी फोन ठेवला. तुम्ही मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलंत. तुमचे नवरे त्याच जाळीमागे उभे राहतात, हे एकीलाही सुचलं नाही?

वसंत आता स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बसून पॅकिंग करतो. शिफ्ट सुटली की सुधीरचा मेसेज येतो, "वर आलो, दादा." आईला न सांगता पाठवतो.

परवा आधारवरचा पत्ता बदलला. "कॉलनीचा काढायचा?" वसंतने विचारलं. मी म्हटलं, "काढ." जुन्या कार्डाची झेरॉक्स त्याने पाकिटात ठेवून दिली.

आम्ही आता भावाचं घर सोडून सिल्व्हर पार्कजवळ भाड्याने राहतोय. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. सुधीरला सांगितलंय, नोकरी सुटली तर सरळ इथे ये. तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर तुम्हीही या. मी चार शब्द सुनावीन, पण दार उघडीन.