मिशीवाल्या डॉक्टरीणबाई

सेलूच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना मिशा होत्या. कोवळ्याच, पण दिसण्याजोग्या. त्या काढत नसत आणि लपवतही नसत. एखादी बाई टक लावून बघायला लागली की म्हणत, "माझ्याच हाईत. भाड्यानं न्हाई आणल्या."

मानवतहून आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पाळी चार-चार महिने फिरकत नव्हती, वजन वाढत होतं आणि हनुवटीवर केस आल्यापासून मी घरातसुद्धा स्कार्फ सोडत नव्हते. आईनं माझ्यामागे सोमवार लावले होते.

"उपासाला काय खाती?" बाईंनी विचारलं.

"साबुदाणा."

"वा! म्हंजे साखर सोडून गुळाच्या ढेपीवर बसायचं!"

तपासण्या झाल्यावर त्यांनी पीसीओएस असल्याचं सांगितलं. आईला वाटलं, कुठलीतरी परीक्षा. मग बाईंनी फोड करून सांगितलं, "साखर आत घ्या, असा निरोप इन्सुलिन आणतं. पेशीवरच्या प्रथिनानं तो आत पोचवायचा. हिची प्रथिनं कामचुकार. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. स्नायू तरी बहिरेच, पण अंडाशयाचे कान लय तिखट. ते चेकाळतं, पुरुषी हार्मोन जास्त बनवतं आणि बीज पिकायचं राहून जातं."

"म्हंजे खोट पोरीतच हाय?" आई रडवेली झाली.

"सासरा बहिरा असला म्हणून सुनंला नावं ठेवता का?"

"ठेवतात की," आई म्हणाली. बाईंनी माझ्या गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

पुढे पाथरीचं स्थळ आलं. माझ्या गोळ्यांची कुणकुण लागताच मुलाची आई थेट दवाखान्यात गेली. "हिला पोर होईल का?"

"एकीचं दुसरीला सांगत न्हाई मी. तुमच्या पोराला आणा, तपासते. त्याचंबी त्यालाच सांगीन."

स्थळ मोडलं. मी बाईंपुढे ढसाढसा रडले.

"रड," त्या म्हणाल्या, "पण चालत रड. स्नायू हलले की ऐकायला लागतात."

मग कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत मी रोज डोळे पुसत चालायचे. लोकांना वाटे, धुरळा गेला असेल.

"बाई, मला मूल होईल का हो?" एकदा विचारलंच.

"मला न्हाई झालं," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. "तुला बहुतेक होईल. आता ऊठ, बाहेर बायका ताटकळल्यात."

गेल्या वर्षी बाई गेल्या. आमची शेवटची भेट माझ्या तान्ह्या मुलीला दाखवायला गेले तेव्हाची. त्यांनी तिला मांडीवर घेतलं. बराच वेळ झाला, बाहेरून दार वाजायला लागलं.

"थांबा गं!" बाई ओरडल्या. "पेशंट तपासायलेय!"

पोरगी ठणठणीत होती आणि गाढ झोपली होती.