छापील बाजू वर

झुंबर बनकरला पुस्तक तळहाताएवढंच उघडून वाचायची सवय होती. बारामतीला आप्पासाहेबांच्या पुस्तकांच्या दुकानात तो अकरा वर्षं कामाला होता, आणि विक्रीचं पुस्तक पाठीत मोडलं की ते जुनं झालं, हा तिथला पहिला नियम. काही कादंबऱ्यांची पानं कडेला न कापलेलीच येत. गिऱ्हाईक नसलं की झुंबर त्या घडीत डोळा घालून वाची. अशी त्याची शे-दीडशे पुस्तकं वाचून झाली होती. दिसली नाहीत ती पानं त्यानं मनानंच भरून काढली होती.

घर जळोचीत. घरच्यांची भाजी मंडईत पोचवून तो दुकान उघडायला येई. सातवी पास, वय तेहतीस, बोलणं बेताचं. त्यानं तीन वर्षं खपून एक कादंबरी लिहिली होती. एका पाटकऱ्याची, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडणाऱ्या माणसाची. तिच्यासाठी कोरा कागद त्यानं कधी वापरला नाही. बावन्न सालच्या निवडणुकीची उरलेली पत्रकं दुकानाच्या माळ्यावर पडून होती. एका बाजूला उमेदवार, दुसरी बाजू कोरी. झुंबरनं कोऱ्या बाजू भरल्या.

दोन पानं एकदा आप्पासाहेबांच्या हाती लागली होती. दुकानात पाच-सहा माणसं उभी होती. "काय रं झुंबर, लेखक झालास व्हय?" आप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले. "मग आता पुस्तकं इकायला कुणाला ठेवू?" माणसं हसली. झुंबरही हसला. त्या दिवसापासून तो गठ्ठे छापील बाजू वर करून बांधू लागला. वर चढलेल्याला उमेदवाराचं नाव दिसावं, आणखी काही दिसू नये.

पंचावन्नच्या जूनमध्ये पुण्याचे प्रकाशक लिमये शाळेच्या पुस्तकांच्या मागण्या घ्यायला बारामतीला आले. बुधवारी आप्पासाहेब जेवायला गेलेले पाहून झुंबरनं त्यांना कादंबरीचं सांगितलं. लिमयांनी चष्मा पुसला. "पुरी असेल तर द्या. अपुरं बाड मी उघडत नाही. शनिवारी दुपारी दोनच्या गाडीनं मी दौंडला निघतो. आणि एक सांगून ठेवतो, या वर्षानंतर नवा लेखक घ्यायचा माझा विचार नाही."

गुरुवारी सकाळी झुंबर माळ्यावर चढला. अकरा गठ्ठ्यांपैकी दहाच होते. सातवं प्रकरण नव्हतं. पाटकरी आपल्याच भावाची पाणीचोरी पकडतो ते प्रकरण, बेचाळीस पानं. त्याच्यावाचून पुढच्या चार प्रकरणांना अर्थ नव्हता.

मागच्या ओट्यावर रंगूबाई खळ ढवळत बसली होती. दुकानाची बांधणी तीच करी. वरच्या वर्गात गेलेली मुलं जुनी पुस्तकं दुकानात आणून देत, रंगूबाई त्यांना नवे पुठ्ठे घाली आणि ती पुन्हा विकली जात. पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून रद्दी डकवायची. रंगूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून झुंबरनंच तिला नियम घालून दिला होता: हातानं लिहिलेला कागद खळीत घालायचा नाही, कुणाची पावती असेल, कुणाचं खत असेल. छापील खुशाल घे.

"मावशी, माळ्यावरचा गठ्ठा घेतला का?"

"घेतला की. रद्दी सपली व्हती. का रं?"

"मागनं लिहिलं होतं त्याच्या."

रंगूबाईचा हात थांबला. "वरनं छापील व्हतं. छापील म्हंजी रद्दी, हे तूच सांगितलंस न्हवं? मी काय पालथं करून बघत बसू?" मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिचा आवाज उतरला. "कशाचं व्हतं? जमिनीचं?"

"न्हाय. माझं होतं."

तिनं हिशेब सांगितला. एका पुस्तकाला दोन अस्तरं, एकवीस पुस्तकं. लिहिलेली बाजू खळीला, छापील वर. आठ पुस्तकं अजून मांडणीत होती. तेरा मंगळवारीच इंदापूरला मोहनरावाच्या दुकानी गेली होती.

"निघतील का?"

"रविवारी डकवलीत. आठ दिस झालं की खळीचा दगुड हुतो. तवर निघतील. पर पुठ्ठा वाया जाईल."

आठ पुस्तकं तिनं तिथंच घेतली. ओलं फडकं पुठ्ठ्यावर दाबून ठेवायचं, शंभर आकडे मोजायचे, मग बांबूची पट्टी कडेनं आत सारायची. झुंबर शेजारी उकिडवा बसून होता. पहिलं पान निघालं तेव्हा शाई पसरली होती, पण अक्षर लागत होतं. आप्पासाहेब दोनदा मागं डोकावले. "बांधल्याली पुस्तकं सोडताय कशापायी?"

"अस्तर वाकडं बसलं व्हतं, मालक," रंगूबाई मान वर न करता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सोळा पानं दोरीवर वाळत होती. राहिली सव्वीस.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं झुंबर निघाला. भिगवणला गाडी अर्धा तास खोळंबली. ड्रायव्हर चहा पीत होता आणि झुंबर खाली उतरून त्याच्या बशीकडे पाहत उभा होता. इंदापुरात उतरल्यावर तो जवळजवळ पळतच मोहनरावाच्या दुकानी गेला.

"तेरा? ती तर परवाच गेली," मोहनराव म्हणाला. "मुलींच्या शाळेत. पाचवीच्या विजयमालाबाईंनी एकदम उचलली. का, पानं कमी हायती?"

"न्हाय. जास्त हायती," झुंबर म्हणाला आणि बाहेर पडला.

विजयमालाबाईंनी त्याचं म्हणणं दारातच ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पुस्तकं मुलींनी घेतलीत. त्यांनाच विचारा." आणि त्याला वर्गात उभं केलं.

तेरा मुली नवे पुठ्ठे घातलेली पुस्तकं छातीशी धरून बसल्या. झुंबरनं सांगितलं: अस्तराखाली माझं लिखाण आहे, ते काढायला पुठ्ठे फाडावे लागतील, मी पुन्हा बांधून पाठवीन. कुणीच हललं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं तर पुस्तक खाली घेऊन त्यावर मांडी घातली.

"जयवंता," बाई म्हणाल्या.

"बाई, आमच्या घरी पयल्यांदाच पुठ्ठ्याचं पुस्तक आलंय. मी न्हाय फाडू देणार." मग झुंबरकडे वळून, "काय लिवलंय एवढं त्यात?"

"गोष्ट हाय."

"कशाची?"

चारची गाडी चुकली तर उद्या दोनच्या आत बारामती गाठणं कठीण होतं. घड्याळात एक वाजून गेला होता. एक मुलगी राजी झाली तर बाकीच्या होतील, आणि ही राजी झाली नाही तर कुणीच होणार नाही, एवढं त्याला दिसत होतं. सतराव्या पानापासून त्यानं सांगायला सुरुवात केली.

पहिली पाच-सात वाक्यं लिहिली होती तशीच आली. चांदणं, झाडांच्या सावल्या, पाण्याचा मंजुळ नाद. मुली खिडकीबाहेर बघू लागल्या. चांदणं सोडून तो सरळ पाटकऱ्यावर आला. पाटाचं दारं फोडून पाणी वळवलेलं, चिखलात पाऊल उठलेलं, आणि पायाचं एक बोट कमी. भावाचं बोट लहानपणी ऊस तोडताना गेलेलं. पाटकरी ते पाऊल बघतो. मग आपल्याच पायानं ते पुसून टाकतो.

"मग?" जयवंता म्हणाली.

मग खालच्या मळ्यातली दगडाबाई पाणी आलं नाही म्हणून विचारायला येते आणि पाटकरी तिला खोटं सांगतो. झुंबर सांगत गेला. पाऊण तासानं तो थांबला तेव्हा बाई खडू हातात धरूनच उभ्या होत्या.

जयवंतानं पुस्तक मांडीखालून काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. "मंजी तुमाला समदं पाठ हाय की! मग आमची पुस्तकं फाडायला कशाला आलाय?"

मुली हसल्या. झुंबरला राग आला. पण ती म्हणाली ते खरं होतं.

मोहनरावाच्या दुकानातून त्यानं एक दस्ता कोरा कागद घेतला. स्टँडच्या बाकावर बसून, नंतर गाडीत, गाडी उभी राहील तिथं, आणि शनिवारी सकाळी रंगूबाईच्या ओट्यावर, त्यानं ते लिहून काढलं. सव्वीस पानांची अकरा झाली. चांदणं आठवत होतं. ते त्यानं घातलं नाही, वेळ नव्हता.

पावणेदोनला त्यानं स्टेशनवर लिमयांच्या हाती बाड दिलं. लिमयांनी कडेवरून अंगठा फिरवला. "ही मधलीच पानं पांढऱ्या कागदावर?"

"पुरी हाय," झुंबर म्हणाला. "तेवढं बघा."

ऑगस्टात बाड टपालानं परत आलं. सोबत पोस्टकार्ड. "कादंबरी छापता येणार नाही. सगळी कुठंतरी वाचलेली वाटते. पांढऱ्या कागदावरची अकरा पानं तेवढी तुमची आहेत. ती मी ठेवून घेतली आहेत. दिवाळी अंकासाठी एका संपादकांना देतो. बाकी तशी लिहिता आली तर पाठवा."

झुंबरनं कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. त्या दिवशी त्यानं पाट्या विकल्या, पंचांगाचं एक पार्सल बांधलं. दुपारी आप्पासाहेब जेवायला गेल्यावर माळ्यावर परत न ठेवता ते दहा गठ्ठे आणि सोळा डागाळलेली पानं घेऊन तो मागच्या ओट्यावर गेला.

"मावशी, हे घ्या. अस्तराला."

रंगूबाईनं वरचा कागद उचलला. जूनपासून ती प्रत्येक कागद पालथा करून बघत असे. तिनं तो पालथा केला आणि परत त्याच्यापुढं सरकवला. "हे लिवल्यालं हाय. लिवल्याला कागद खळीत जात न्हाय."

"मीच लिवलंय. मीच सांगतोय."

"तूच नियम घातलास."

झुंबर खाली बसला, एकेक गठ्ठा सोडून सगळी पानं नीट जुळवली, छापील बाजू वर केली आणि खळीच्या पातेल्याशेजारी ठेवली. रंगूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं फडकं पिळलं आणि वरचा कागद घेतला.