बदललेला भाग

बाळकुमचे देवराम मेस्त्री गाडी दुरुस्त केली की खराब निघालेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देत. सत्त्याण्णवमध्ये कारखानीसबाईंची नवी, कंप्युटरवाली गाडी बंद पडली. देवरामांना कुठेच बिघाड सापडेना. शेवटी बॅटरीची वायर काढून परत लावली, तर गाडी सुरू झाली.

"काय बदललंत, मेस्त्री?"

"काहीच नाही, बाई."

"मग झालं काय होतं? उद्या लेकीला बाळंतपणाला नाशिकहून आणायचंय. घाटात बंद पडली तर?"

देवराम गाडीच्या कंप्युटरच्या सीलबंद डब्याकडे बघत राहिले. आतून आवाज नाही, वास नाही.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. "माझ्या भावाची जुनी टॅक्सी न्या."

"ती नाही बंद पडणार?"

"पडेल की. पण का पडली, ते मला सांगता येईल."