खंडेनवमीला बंद ठेवलेला सर्व्हर

चहा येतोय तोवर सांगून टाकतो, कारण घोट घेतल्यावर हसलात तर शर्ट माझाच खराब व्हायचा. तर, मी एकदा आमच्या कंपनीचा धडधडीत चालता सर्व्हर बंद केला. चुकून नव्हे हं. सकाळी आंघोळ करून, हात जोडून, मनोभावे बंद केला.

कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमची दहा-बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी. मालक नगरकर सर. त्यांच्या वडिलांचं बिबवेवाडीला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, त्यामुळे सरांच्या अंगात सॉफ्टवेअर नंतर आलं, वर्कशॉप आधी. मी तिथे प्रोबेशनवर होतो. मला कायम केल्याचं पत्र सरांच्या ड्रॉवरमध्ये लिफाफ्यात तयार होतं आणि ते दसऱ्याला सोन्याबरोबर हातात पडणार होतं. आईने ही बातमी नातेवाइकांत आधीच वाटून टाकली होती. आता कळलं ना, माझा जीव कशात अडकला होता ते?

आता सर्व्हरचं सांगतो. सॉफ्टवेअर कुणी सगळं स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहिलेले तयार तुकडे आणायचे, त्यांत आपले मिसळायचे. हे सगळे तुकडे नीट लावून ठेवणारी एक कोठीची खोली लागते, तिला रिपॉझिटरी मॅनेजर म्हणतात. आमची कोठी ऑफिसातल्या एका काळ्या डब्यात होती आणि तो डबा दर आठवड्याला रुसायचा. मी म्हटलं, सर, ही कोठी क्लाउडवर नेऊ. भाड्याचा सर्व्हर घेऊ, कटकट संपेल. सर हो म्हणाले. मी तीन दिवसांत कोठी हलवली आणि पुढचा महिनाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

आणि खंडेनवमी आली.

सरांच्या वर्कशॉपातला नियम आमच्याकडेही चालायचा. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पूजेला ठेवायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दरवर्षी काळा डबा बंद करून पाटावर बसायचा, हळदकुंकू लावून घ्यायचा. यंदा पाट रिकामा.

"समीर, पूजा कशाची करायची?" सरांनी विचारलं.

"सर, सर्व्हर क्लाउडवर आहे. इथे आणता नाही येणार."

"ते कळतंय मला. पण हत्यार ते हत्यार. त्याला विश्रांती नको?"

समोरच्या टेबलावर लेले मॅडम बसतात. नारायण पेठेतल्या. आमच्या कामातल्या चुका काढणं ही त्यांची नोकरी आहे आणि त्या ती घरीही करत असाव्यात. त्या मान वर न करता म्हणाल्या, "फोटो लाव. माणूस लांब असला की आपण फोटोच लावतो."

टोमणा होता हो तो. पण मला कल्पना म्हणून आवडला. क्लाउड कंपनीच्या साइटवर आपल्या सर्व्हरची माहिती दाखवणारं एक पान असतं. त्यावर त्याचं नाव आणि इंटरनेटवरचा आकडी पत्ता असतो. मी ते पान छापलं, पाटावर ठेवलं, झेंडूची माळ घातली. मग सरांचं मन राखायला सर्व्हर बंद करण्याचं बटणही दाबलं. सर इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लिफाफा जवळजवळ माझ्या खिशात होता.

दसऱ्याला ऑफिसला सुट्टी. पण सरांनी नागपूरच्या ग्राहकाला मुहूर्तावर अकरा वाजता सॉफ्टवेअर पाठवायचं कबूल केलं होतं, म्हणून आम्ही सगळे नवे कपडे घालून हजर. दहा वाजता मी सर्व्हर चालू केला. पानावर हिरवा दिवा लागला. मी ऐटीत म्हटलं, "घ्या, झोप झाली त्याची."

पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, "कोठी सापडत नाहीये." मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणाले.

मी पाटावरच्या कागदावरून पत्ता बघून ब्राउझरमध्ये टाइप केला. पान उघडलं. त्यावर बर्फात मांडून ठेवलेले मासे होते. चांगले हातभर लांब, चंदेरी, डोळे उघडे. खाली कुठलीशी परदेशी लिपी.

माझ्या मागे नगरकर सर उभे होते. नवरात्राचे नऊ दिवस उपास केलेले, पूर्ण शाकाहारी नगरकर सर.

"हे काय आहे?"

"हॅक झालोय आपण, सर," मी म्हणालो. "आपली कोठी पळवलीय कुणीतरी."

"ताजे दिसतायत," लेले मॅडम म्हणाल्या.

खरं तर इथे शांत बसून विचार करायला हवा होता. पण ड्रॉवरमधला लिफाफा दिसत होता ना मला. त्या पानाच्या तळाशी संपर्काचा रकाना होता. मी त्यात सणसणीत इंग्रजीत लिहिलं की आमचा माल तुमच्याकडे आहे, तासाभरात परत करा, नाहीतर पोलिसांत जातो. खाली कंपनीचं नाव, सरांचं नाव, फोन नंबर. मग सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. इंटरनेटवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, "साहेब, नेट चालू आहे म्हणूनच मासे दिसतायत तुम्हाला." अकरा वाजून गेले. सरांनी नागपूरला फोन करून सांगितलं की आमच्यावर सायबर हल्ला झाला आहे.

तेवढ्यात उत्तर आलं. फारच सभ्य माणसं. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. माल खराब निघाला का? कोणता मासा होता ते कळवावे, बदलून देऊ.'

लेले मॅडम उठल्या. पाटावरचा कागद उचलून त्यांनी माझ्या स्क्रीनशेजारी धरला, तिथे ते हिरव्या दिव्याचं पान उघडं होतं. "कागदावर पत्ता सत्तेचाळीसने संपतो. स्क्रीनवर एकशे बाराने. भाड्याची खोली सोडून गेलास आणि दुसऱ्या दिवशी परत आलास, तर तीच खोली रिकामी ठेवतात का रे?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण फार उशिरा. सर्व्हर बंद केला की पत्ता क्लाउडवाले काढून घेतात आणि दुसऱ्याला देतात. तो कायमचा हवा असेल तर वेगळा मागून घ्यावा लागतो. मी मागितलाच नव्हता. आमची कोठी नव्या पत्त्यावर सुखात होती आणि जुन्या पत्त्यावर रातोरात मासेवाला राहायला आला होता.

नवा पत्ता घातल्यावर सगळं दहा मिनिटांत चालू झालं. सॉफ्टवेअर पावणेएकला नागपूरला पोचलं. ग्राहकाने आधी हल्ल्यातून वाचल्याबद्दल अभिनंदन केलं, मग दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. मासेवाल्याला माफीचं पत्र मी लिहिलं, तेही सरांसमोर बसून.

मग सरांनी ड्रॉवर उघडला, लिफाफ्याकडे बघितलं, ड्रॉवर बंद केला आणि आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं.

"आधी सर्व्हरचा पत्ता कायम कर," ते म्हणाले. "मग तुझं बघू."

लिफाफा दिवाळीला मिळाला. तोवर आईने मामाला काय सांगितलं, ते विचारू नका.

पुढच्या खंडेनवमीला मी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावर कीबोर्ड नाही. बघतो तर पाटावर. हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला.

"आज हात लावायचा नाही," लेले मॅडम म्हणाल्या. "विश्रांती."

दोन दिवस मी नारळ फोडले आणि पेढे वाटले. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, वर्षभरात तेवढे दोनच दिवस कोठीबद्दल एकही तक्रार आली नाही.