ती तात्पर्यं सरांची नाहीत

मंगळवारी सकाळी शाळेचा शिपाई नववीच्या वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, कांबळे सर गेले." मी खडू ठेवला. मुलांना धडा वाचायला सांगितला आणि खाली गेले.

आनंद कांबळे आमच्या शिवाजी पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवत, मी मराठी. दर रविवारी सकाळी चित्रकलेच्या वर्गात ते मुलांना जपानी अ‍ॅनिमेशनपट दाखवायचे. खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी मुलांना झेपायच्या नाहीत, म्हणून सर पडद्याशेजारी स्टुलावर बसून सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच म्हणायचे, तेही इथल्या बोलीत. एका चित्रपटात गाव धरणाखाली जाणार असतं आणि एक म्हातारी शेतातून हलायला तयार नसते. सर ठसक्यात म्हणाले, "पाणी कवा बी येऊ दे, माझा कोबी काढून हुईस्तोवर मी न्हाय हलत!" राधानगरीकडून शिकायला आलेली एक मुलगी ओरडली, "आमची आज्जी अश्शीच हाय की!" मागून कुणीतरी विचारलं, "सर, ह्यात व्हिलन कोण हाय?" "मी बी त्योच हुडकतोय लेका. धरणाचा इंजिनिअर बी रडायलाय बघ."

मग ती म्हातारी बांधावर बसते आणि मिनिटभर काहीच घडत नाही. फक्त भातावरून वारा जातो. तेवढा वेळ सरही गप्प बसायचे. युद्ध, जंगल, माणसाची हाव, या सगळ्यांबद्दल त्या चित्रपटांना पुष्कळ म्हणायचं असतं, पण ते अशा जागी म्हणतात. तिथं आपण तोंड घालायचं नाही, असं त्यांचं मत होतं. मी मात्र गोष्ट संपली की खाली 'तात्पर्य' लिहून त्याला दुहेरी रेघ मारायला लावणारी बाई. ते मला चिडवायचे, "बाई, जेवण झाल्यावर इचारता काय पोरास्नी, आमटीचं तात्पर्य काय म्हणून?"

पुढे संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने हरकत घेतली. परदेशी कार्टून दाखवून पोरं बिघडवताय, असं त्याचं म्हणणं. रविवार बंद पडणार असं दिसलं, तेव्हा मी सरांना न विचारता एक यादी केली. डावीकडे चित्रपट, उजवीकडे त्याचं तात्पर्य. निसर्गाचे रक्षण करावे. वडीलधाऱ्यांचा मान राखावा. युद्धाने कुणाचेही भले होत नाही. यादी बघून संस्थेची परवानगी लगेच मिळाली, पण एक अट घालून: प्रत्येक मुलाने चित्रपटाचं तात्पर्य वहीत लिहून सोमवारी दाखवायचं.

पुढच्या रविवारी मुलं मांडीवर वह्या घेऊन बसली. म्हातारी बांधावर बसली आणि वर्गात पेन्सिली चालू लागल्या. "सर, वृक्षारोपण लिहू का पाणी अडवा?" राधानगरीची मुलगीही खाली मान घालून लिहीत होती... त्यानंतर सरांनी रविवार बंद केले. माझ्या यादीबद्दल मला एवढंच म्हणाले, "अक्षर झ्याक हाय बाई तुमचं." नंतरही आम्ही मधल्या सुट्टीत एकत्र चहा घेत होतो. तो विषय त्यांनी काढला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

शोकसभेत पुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर सरांचा फोटो, मागे एका शिकवणी वर्गाची जाहिरात, आणि आत 'कांबळे सरांची अमृतवचने'. माझी यादी, ओळीने, सरांच्या नावावर. ज्याने हरकत घेतली होती तोच पदाधिकारी माइकवर म्हणाला, "सरांनी कार्टूनमधून संस्कार पेरले." टाळ्या पडल्या. शोकसभेत! नंतर बिस्किट बुडवत तो माझ्याजवळ आला. "संकलन फक्कड हाय बाई. एक चूक न्हाय शुद्धलेखनाची. नाव सरांचं घातलं. गेलेल्या माणसाचं असलं की लोक जपून ठेवत्यात." मला शिसारी आली. आधी त्याची, मग त्या गुळगुळीत कागदाची. घरी पोचेपर्यंत ती माझ्याच अक्षराशी येऊन थांबली. मी हात धुतले, तरी गेली नाही.

दोन दिवसांनी मी सरांच्या पत्नीकडे, सुजाताताईंकडे गेले. ही वाक्यं माझी आहेत, म्हणून सांगितलं. त्यांनी पुस्तिका चाळली आणि माझ्या हातात परत दिली. "मला ठाव हाय की. एवढं गोड ह्ये आयुष्यात कवा बोललं न्हाईत." मग म्हणाल्या, "पर लोकास्नी कुठं ठाव हाय, बाई?"

म्हणून हे लिहिते आहे. ती वाक्यं आनंद कांबळे यांची नाहीत. ती माझी आहेत, आणि त्यांच्यामुळेच सरांचे रविवार बंद पडले. ज्यांच्याकडे पुस्तिका असेल त्यांनी सरांचं नाव खोडून टाकावं.

रविवारी अंधार व्हावा म्हणून त्यांनी शिवून घेतलेले काळे पडदे चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना अजून आहेत. तिथं आता गणिताचे जादा तास होतात. पडदे सुतळीने बाजूला बांधलेले असतात.