सुखदेवच्या कॅसेटा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काहीच नाही. सांगतेय.

पूर्णेत मी शाळेत शिकवायचे. नामांतराचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, आणि विद्यापीठाच्या पाटीवर जुनंच नाव होतं. माझ्या भावानं मुंबईहून दोन कॅसेटांचा टेप आणून दिला होता, एकीवरचं गाणं दुसरीवर उतरवणारा. सुखदेव रेल्वेत गँगमन. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. भीमगीतांची एक कॅसेट उतरवून द्याल का, असं त्यानं विचारलं. मी दिली, आणि मग रीतच पडली. नांदेडहून, हिंगोलीहून लोक गाडीनं येताना कोरी कॅसेट आणत, सुखदेव माझ्या ओसरीवर बसून भरून देई. अट एकच — गावी गेल्यावर आणखी दोघांना उतरवून द्यायची. पैसा कुणी कुणाकडून घेत नसे.

"गानं वाटल्यानं सरत न्हाई, बाई," तो म्हणायचा.

त्याचा जिवलग मनोहर रेडिओ दुरुस्त करायचा. तुटलेली फीत तो जोडून देई. त्या कॅसेटांत कंपन्यांची गाणी होती, हे खरं. पण सुखदेवनं स्वतः भरलेल्याही होत्या — जलशांच्या, सभांच्या, आणि एक त्याच्या आईच्या ओव्यांची. आई वारली होती.

मनातल्या मनात सांगतानाही इथवर आले की मी दर वेळी अडते.

एका कॅसेट कंपनीचा माणूस फौजदाराला घेऊन शाळेत आला. आमची गाणी चोरताय, म्हणाला. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावलं. टेप तुमचाच ना, असं फौजदारानं विचारलं. नोकरीत कायम व्हायला मला थोडेच महिने उरले होते. पण ते खरं कारण होतं का? मला कोण तुरुंगात टाकणार होतं? टेप गेला असता. चार लोक बोलले असते. एवढंच.

"टेप माझा आहे," मी म्हटलं, "पण सुखदेव मागून नेतो. तो कॅसेटा विकतो."

विकतो — हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

फौजदारानं पुरावा मागितला नाही. सुखदेवचं आडनाव विचारलं, वस्ती विचारली, आणि मान डोलावली. माझ्या आडनावाच्या बाईचं तो ऐकणार, त्याचं ऐकणार नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. कळत होतं म्हणूनच बोलले.

सुखदेव तीन दिवस कोठडीत राहिला. रेल्वेनं त्याला निलंबित केलं. त्याच्या सगळ्या कॅसेटा पोत्यात भरून नेल्या, आईच्या ओव्यांसकट. त्या परत मिळाल्या नाहीत. माझा टेपही नेला होता, तो मात्र आठवड्यात शिपाई घरी आणून देऊन गेला. पुसून.

सुटल्यावर सुखदेव आला. ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"माझ्यापायी तुमाला तरास झाला, बाई," तो म्हणाला. मग, "मनोहरलाबी चौकीत बोलवलं व्हतं. त्यानंच नाव सांगितलं असंल का?"

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. उघडलं — आणि म्हटलं, "असेल. काय सांगावं."

दोघं एकाच गल्लीत राहत. सुखदेवनं मनोहरशी बोलणं सोडलं ते कायमचं. मनोहरनं लेकरांची शपथ घेतली, म्हणे. पुढं काही वर्षांनी तो वारला, तेव्हा सुखदेव मातीला गेला नाही. मी गेले होते. त्याच्या बायकोजवळ बसले, तिला पाणी दिलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नामांतर झालं. वस्तीत पेढे वाटले. सुखदेव नवा सदरा घालून माझ्या दारात आला, पहिला पेढा बाईंना, म्हणाला. या वेळी ओसरीवर चढला, बसला.

मी तो पेढा त्याच्यासमोर खाल्ला, आणि गोड आहे म्हणाले.