तिसरं शील

जनकाबाईच्या तोंडाला शिरड शहापुरात भलेभले टरकून असतात. कुणाचं ढोर तिच्या शेतात शिरलं, तर ती आधी मालकाचा उद्धार करते आणि मग ढोराला पाणी पाजते. पण अशा बाईलाही स्वतःच्या घरातलं दिसलं नव्हतं, बरं का.

सून सपना सुकत चालली होती. दिवस कलला की तिचा जीव खालीवर व्हायचा. लेकीला घेऊन सासूपाशीच अंथरूण टाकायची. जनकाबाईला वाटलं, पोरगी माजली, नवऱ्याला जुमानत नाही. नको नको ते बोलली तिला. शेवटी सपनानं भावाला फोन करून न्यायला बोलावलं, तेव्हा कुठं म्हातारीनं तिला जवळ बसवून नीट विचारलं.

सपना खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, त्यायला मोबाईलातल्या बाया पाहिजेत. ते घाणेरडे व्हिडिओ दाखवतात आन् तसंच कर म्हणतात. न्हाई म्हटलं तर जबरदस्ती करून राहिले. वरून म्हणतात, तू बाईच न्हाईस."

 धम्मदीप जनकाबाईचा एकुलता एक लेक. हळदीच्या कारखान्यात कामाला, दारू नाही, तंबाखू नाही. नशीब काढलंस, असं लोक तिला म्हणायचे. आणि हे लेकरू खिशात काय घेऊन फिरत होतं! ज्या पोरीला पोटाशी धरायचं, तिलाच आपण बोललो, म्हणून म्हातारीला रडू कोसळलं. मग राग आला, आणि तो कसा आला ते विचारू नका.

सपना गेली की नात जाणार, घर ओस पडणार. पण राहा म्हणायला तोंड कुठं होतं? एवढंच विचारलं, की तुझं नाव न घेता त्याला चारचौघांत जाब विचारू का? सपनानं होकार दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारात वंदना सांगायला धम्मदीपच पुढं असायचा, आवाज गोड ना त्याचा. तो एक ओळ म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे. पंचशील पालीतलं, सगळ्यांना तोंडपाठ, अर्थाकडे कुणाचं ध्यान नसायचं. तिसरं शील आलं आणि जनकाबाई उठून उभी राहिली. हे मराठीत सांग म्हणाली.

व्यभिचार करणार नाही, असं तो म्हणाला.

"मंग घरच्या बाईवर जबरदस्ती केलेली चालती का?"

धम्मदीपचा चेहरा खर्रकन उतरला. विहाराचं बघणारे अमृतराव कुरकुरले, की घरातलं इथं कशाला काढता?

"घरी पाळायचं न्हाई, तर इथं येऊन शील घ्यायचं काहून, दादा?"

बायांमधून "बराबर हाय" असा आवाज आला. कुणीकुणी डोळ्याला पदर लावला. ही तकलीफ एकाच घरातली नव्हती तर!

पुढचं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणायला धम्मदीपचं तोंडच उघडेना. तो मटकन खाली बसला. तेव्हा सपना उठली, पुढं आली आणि तिसऱ्या शीलापासून पुन्हा म्हणायला लागली. आधी आवाज कापरा होता, मग असा खणखणीत लागला की विहार दणाणला. बाया तिच्यामागून म्हणू लागल्या, पुरुषही म्हणू लागले. धम्मदीपही म्हणाला, मान खाली घालून.

दुपारी भाऊ न्यायला आला. जनकाबाईनं लेकाचं अंथरूण ओसरीत फेकलं आणि सांगितलं, चुकला त्यानं बाहेर जायचं, तिनं काहून? सपनानं भावाला पोटभर जेवू घातलं आणि राहीन तर माझ्या मर्जीनं राहीन, असं सांगून त्याला एकट्याला परत धाडलं. धम्मदीपनं मोठा मोबाईल विकून साधा बटणांचा घेतला. हिंगोलीला मनाच्या डॉक्टरांकडे बोलायला जाऊ लागला, आधी आईच्या धाकानं आणि पुढं आपणहून. वंदना आता सपना सांगते.

हळदीची काढणी संपत आली होती. एका संध्याकाळी सपना तांदूळ निवडत होती, तर धम्मदीप उंबऱ्यापाशी येऊन विचारू लागला, "आज आत येऊ का?"

"आज न्हाई," सपना मान वर न करता म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि अंगणात येऊन लेकीची वेणी घालत बसला.

जनकाबाईनं ते ऐकलं. सुनेच्या आवाजात भीतीचा मागमूस नव्हता. म्हातारीला इतका आनंद झाला, की तेवढा लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.